जिथे गाडी, तिथे पंत

आमच्या घरात उन्हाविषयी बोलायचा अधिकार एकट्या नवऱ्याला आहे. तो अकोल्याचा. मी ठाण्याची, म्हणजे त्याच्या मते मला फक्त घाम ठाऊक आहे, ऊन नाही. लॉस एंजेलिसजवळ राहून आता पुष्कळ वर्षं झाली, तरी इथे कोणी ‘काय उकडतंय’ म्हणालं की हा मायेने हसतो आणि ‘मे महिन्यात आमच्याकडे या’ असं आमंत्रण देतो. ते आजवर कोणी स्वीकारलेलं नाही. त्यामुळे मेमोरियल डेच्या जोडून आलेल्या सुट्टीत सगळं गाव समुद्राकडे निघालेलं असताना आम्ही तंबू, पिठल्याचं सामान आणि कुत्रा घेऊन डेथ व्हॅलीकडे का निघालो, हे वेगळं सांगायला नको. ‘बघू तरी काय एवढं आहे,’ असं तो म्हणाला होता.

कुत्र्याचं नाव बंडोपंत. शेल्टरमधून आणला तेव्हा कागदावर पाच जाती लिहिल्या होत्या. पाचही जातींनी त्याला फक्त केस दिले आणि पाय द्यायचं प्रत्येकीने दुसरीवर सोडलं. चेहरा मात्र मामलेदार कचेरीत पेन्शनीला टेकलेल्या कारकुनाचा. आता आम्ही त्यांना नुसतं पंत म्हणतो आणि एकेरी तोंडात येत नाही. पंत मागच्या सीटवर ओल्या पंच्यावर बसले, त्यांच्या शेजारी बर्फाची पेटी बसली आणि आम्ही निघालो.

बार्स्टो सोडलं की झाडं संपतात आणि बेकर नावाच्या गावात एक थर्मामीटर उभा आहे. उंची १३४ फूट. का, तर १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत १३४ फॅरनहाइट तापमान नोंदवलं गेलं म्हणून. नवऱ्याने मनातल्या मनात सेल्सियस केलं, ५६.७ आलं, आणि तो जरा वेळ गप्प बसला.

‘१९१३ साली मोजायची साधनं तरी धड होती का?’

मी सांगितलं की लिबियातला १९२२ सालचा ५८ अंशांचा विक्रम जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये रद्द केला आणि तेव्हापासून पहिला नंबर याच खोऱ्याचा आहे.

‘मग हाही करतील रद्द,’ तो म्हणाला. अकोल्याचा नंबर त्यानंतर लगेच लागणार असावा, असा त्याचा सूर होता. थर्मामीटरवर त्या वेळी १०८ होते. आकडा शुभ आहे म्हणून मी नमस्कार केला.

पुढे डेथ व्हॅली जंक्शनला एक नाट्यगृह लागतं. मार्टा बेकेट ही न्यूयॉर्कची नर्तकी १९६७ साली नवऱ्याबरोबर इकडे कॅम्पिंगला आली होती. गाडीचं टायर पंक्चर झालं, ते दुरुस्त होईपर्यंत तिने एका पडक्या सभागृहात डोकावून पाहिलं आणि ती तिथेच राहिली. वाळवंटात नाटकाला येणार कोण? म्हणून तिने भिंतींवर प्रेक्षकच रंगवले: राजे, सरदार, जोगिणी, सगळे खुर्च्या अडवून बसलेले. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात ज्याने एकदा तरी नाटक बसवलंय, त्याला ही कल्पना किती व्यवहारी आहे ते कळेल. रंगवलेला प्रेक्षक मध्यंतरात वडापाव कधी मिळणार असं विचारत नाही. मी गोष्ट संपवली तेव्हा नवरा खाली उतरून चारही टायर दाबून पाहत होता.

मग राष्ट्रीय उद्यानाची पाटी आली आणि नियम आले. कुत्र्याला पायवाटेवर बंदी. वाळूच्या टेकड्यांवर बंदी, मिठाच्या मैदानावर बंदी. रस्ता, पार्किंग आणि कॅम्पग्राउंड एवढंच त्याचं. दोरी सहा फुटांहून लांब नको. गाडीत एकट्याला ठेवायचं नाही, आणि त्या उन्हात नियम नसता तरी कोणी ठेवू नये. थोडक्यात, जिथे गाडी जाते तिथे कुत्रा जातो. नियम योग्यच आहे. पण याचा हिशेब असा की तिघांपैकी एकाला कायम पंतांजवळ थांबायचं आहे, आणि तो एक पंत असू शकत नाही.

त्यामुळे आम्ही डेथ व्हॅली पाळ्या लावून पाहिली. पहाटे स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर आधी तो गेला. मी पार्किंगमध्ये पंतांना पाणी पाजत बसले. तो आला आणि अहवाल दिला: सगळ्यात उंच टेकडी साधारण शंभर फूट, चढायला इतकी मिनिटं, उतरायला इतकी. मग मी गेले. रात्री साइडवाइंडर नावाचा साप आडवा सरकत गेला होता, त्याच्या तिरक्या रेघा वाळूवर एकीखाली एक उमटलेल्या होत्या. परत येऊन मी सांगितल्यावर तो दुखावलाच.

‘मला कशा नाही दिसल्या?’

‘तू उंची मोजत होतास.’

बॅडवॉटरला हेच उलट झालं. ही जागा समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. समोरच्या कड्यावर, मान मोडेल इतक्या उंचीवर, समुद्राची पातळी दाखवणारी पाटी लावलीय. तिच्याकडे पाहिलं की ठाण्याच्या माणसाला पोहता येत असूनही धाप लागते. डबक्यातलं पाणी इतकं खारट, की म्हणे एका सर्वेक्षकाच्या खेचराने त्याला तोंड लावलं नाही, म्हणून हे नाव. पंतांना हे पटलं असावं. बाटलीतल्या पाण्यात बर्फ घातल्याशिवाय तेही तोंड लावत नव्हते.

चालायचं म्हणजे बूट घालणं आलं. डांबर पायाला चालेल का हे बघायचं तर हाताची पालथी बाजू त्यावर सात सेकंद ठेवायची असते. ‘सात कशाला, दहा ठेवतो,’ म्हणत अकोल्याने हात ठेवला आणि चौथ्या सेकंदाला ‘आई गं’ म्हणून उचलला. इथलं डांबर वेगळं असतं, असं त्याचं मत पडलं. पंतांना चार लाल बूट चढवले. त्यांनी एकेक पाय उचलून हवेतच थांबवला, मग लेझीम खेळल्यासारखे दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि खाली बसले. तीन जर्मन पर्यटकांनी बॅडवॉटरकडे पाठ करून त्यांचे फोटो काढले.

आम्ही दोघांनी बरोबर पाहिलेली जागा म्हणजे आर्टिस्ट्स ड्राइव्ह, कारण ती गाडीतूनच पाहायची असते. नऊ मैलांचा एकेरी रस्ता आणि दोन्हीकडे रंगीत डोंगर. लोखंडाच्या क्षारांनी लाल, पिवळे, गुलाबी झालेले, मधूनच हिरवे आणि जांभळे. दोघांना एकदम ‘अरे बघ’ म्हणता आलं. नेमके तेव्हा पंत झोपले होते.

रात्र फर्नेस क्रीकला काढली. दिवसभर तापलेले डोंगर अंधार पडला की ती उष्णता खोऱ्याला परत देतात. हवा कोरडी म्हणून घाम फुटायच्या आत सुकतो आणि माणसाला वाटतं, आपल्याला काही झालंच नाही. कुत्र्याला तर घाम येतो तो जेमतेम पंज्यांना, बाकी सगळा कारभार जिभेवर. म्हणून बॅटरीवरचा एकुलता एक पंखा पंतांसमोर ठेवला. आम्हाला मिळाला तो पंतांवरून आलेला वारा.

अकोल्याहून सासूबाईंचा फोन आला.

‘किती आहे तिकडे?’

‘दुपारी त्रेचाळीस होतं, आई.’

‘इथं काल चव्वेचाळीस होतं. बस म्हणावं घरी. कांदा ठेवला का खिशात?’

नवऱ्याने सूचकपणे माझ्याकडे पाहिलं. कांदा त्याच्या खिशातून निघाला, दुपारीच ठेवलेला.

नेटवर्क होतं तोवर मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. टेकडीवर तो एकटा. टेकडीवर मी एकटी. बॅडवॉटरला मी, मग बॅडवॉटरला तो. नागपूरच्या मामींचा खाजगी मेसेज आला: ‘काही बिनसलंय का? मोकळेपणाने सांग.’

दुसऱ्या दिवशी वर वाइल्डरोजला जायचं ठरलं. ४,१०० फुटांवर, तळापेक्षा पुष्कळ थंड. त्या चढावर पाटी लागते: इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. नवऱ्याने बाणेदारपणे बंद केला. खिडक्या उघडल्या तर भट्टीचं दार उघडल्यागत वारा आत आला. दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणाला तो म्हणाला, ‘पंतांना त्रास होतोय. लावू या का थोडा?’

मी मागे वळून पाहिलं. पंत बर्फाच्या पेटीला पाठ लावून घोरत होते.

‘होतोय ना त्रास?’ त्याने पुन्हा विचारलं. मागचं आरशातही दिसणार नाही इतकी त्याची मान ताठ होती.

‘फार होतोय,’ मी म्हणाले. मग गाडी कडेला घेतली, इंजिन निवेपर्यंत थांबलो, आणि बर्फाच्या पेटीतला ओला पंचा पंतांच्या नावाने काढून त्याने स्वतःच्या डोक्याला गुंडाळला.

वाइल्डरोजच्याही वर, खडखडत्या रस्त्याच्या शेवटी कोळशाच्या दहा भट्ट्या ओळीने उभ्या आहेत. दगडी, २५ फूट उंच, १८७७ सालच्या. चांदी आणि शिसं वितळवायला पाइनच्या लाकडाचा कोळसा इथे होत असे. दोन-तीन वर्षांतच काम बंद पडलं, पण बांधणी अशी की भट्ट्या अजून धड आहेत. मुख्य म्हणजे रस्ता थेट त्यांच्यापर्यंत जातो. म्हणजे पंतही जातात. तिघं पहिल्यांदा एका जागी, एका वेळी, आपापल्या पायांवर उभे राहिलो. पंतांचे बूट काढले. तिथल्या एका आजोबांनी आपण होऊन फोटो काढून दिला. मी आणि नवरा खांद्याला खांदा लावून हसतोय, त्याच्या डोक्याला अजून पंचा आहे, आणि पंत मधे बसून दुसरीकडेच बघतायत.

खाली उतरून नेटवर्क आल्यावर तो ग्रुपवर टाकला. मामींचं उत्तर आलं:

‘मिटलं वाटतं! पण ह्यांच्या डोक्याला काय लागलं? आणि कुत्रा तुझ्या बाजूने की त्याच्या?’