दहा गिगाहर्ट्झचं भविष्य

पत्रिका पाहून भविष्य सांगणाऱ्याला निदान शनी-मंगळ आडवे येतात. आलेख पाहून सांगणाऱ्याला कुणीच आडवं येत नाही. पट्टी घ्यायची, रेघ वर वाढवायची, की झालं.

संगणकाच्या प्रोसेसरचं बराच काळ असंच चाललं होतं. १९९३ साली पेंटियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. २००० साली गाडी हजारावर, म्हणजे एका गिगाहर्ट्झवर पोचली. सात वर्षांत पंधरापट! त्रैराशिक मांडा, २००७ साली पंधरा गिगाहर्ट्झ. आमच्या मेहुण्याने ते मांडलं होतं. मी संगणक घ्यायचं काढलं की तो म्हणे, "थांबा भाऊजी, सहा महिन्यांत दुप्पट स्पीड येतोय."

या वाढीमागे विज्ञान होतंच, पण भाऊबंदकीही होती. इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. दोन्हींचे संस्थापक फेअरचाइल्ड या एकाच घरातून बाहेर पडलेले, आणि त्या काळात संसारही शेजारीच थाटलेले: एक कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात, दुसरी लगतच्या सनीव्हेलमध्ये. ६ मार्च २००० ला एएमडीने एक गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला, ८ मार्चला इंटेलने तेवढाच पेंटियम थ्री. दोन दिवसही दम निघाला नाही. त्याच जुलैच्या अखेरीस इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा आणला आणि महिनाभरात परत मागवला, कारण परीक्षण करणाऱ्यांच्या टेबलावर तो कामाच्या मध्येच मान टाकत होता.

या भांडणात आपलाही एक माणूस आहे. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम. १९९५ साली ते इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले, ती एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यातून पेंटियमशी टक्कर देणारा के-सिक्स निघाला. धाम यांचा जन्म पुण्याचा. तेव्हा दोन्ही बाजूंनी वाद घालायची सोय जन्मजातच म्हणायची.

आकड्यांचं हे वेड मात्र त्याआधीचं. ३८६-४८६ च्या काळात कॅबिनेटच्या तोंडावरच एक टर्बो बटण असे आणि शेजारी लाल-हिरवे आकडे. बटण दाबलं की ३३ चे ६६ होत. पाहुण्यांना ते दाखवायचं, पाहुण्यांनी "वा!" म्हणायचं. कॅबिनेट उघडलं की कळे, हे आकडे प्रोसेसरकडून येतच नाहीत. त्यांच्या मागे चिमुकल्या पिना असत, त्यांवर जंपर नावाच्या टोप्या. दुकानदार त्या बसवेल तसा आकडा दिसे. त्याने ९९ लावला असता तरी यंत्राची काही हरकत नव्हती.

पेंटियम फोरने मला त्या आकड्यांची आठवण करून दिली. नोव्हेंबर २००० मध्ये तो आला तेव्हा ही रचना पुढे दहा गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, असं सांगितलं जात होतं. त्यासाठी कामाचे टप्पे दहाचे वीस करून प्रत्येक टप्पा लहान केला होता. म्हणजे तुरुतुरु चालणं. पावलं मिनिटाला जास्त पडतात, पण ढांगा टाकणारा कोपऱ्यावर आधी पोचलेला असतो. एएमडी ढांगा टाकत होती, पण गिऱ्हाईक मोजत होतं पावलं. शेवटी वैतागून तिने १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं नावच १८००+ ठेवलं. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला मी त्या अधिकाच्या चिन्हाचा अर्थ विचारला. "साहेब, ते वरचं समजा," तो म्हणाला. याहून चांगला खुलासा मी अजून ऐकलेला नाही.

रेघ थांबली ती उष्णतेने. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण व्होल्टेज त्या मानाने उतरेना आणि बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागली. २००१ सालीच इंटेलचे पॅट गेलसिंगर भर परिषदेत म्हणाले होते, असंच चाललं तर दशकभरात चिपची उष्णता अणुभट्टी आणि रॉकेटचं तोंड यांच्या पंगतीला जाऊन बसेल. सभेने ऐकलं, मेहुण्याने ऐकलं नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द झाला, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑर्लँडोच्या व्यासपीठावर गंमतीने का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. दहा सांगून ३.८ वर थांबलेल्या ज्योतिष्याने गुडघे टेकल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यानंतर वेगाऐवजी कोअर, म्हणजे एकाच चिपमधले जोडीने राबणारे प्रोसेसर, वाढू लागले. इंटेलकडे सहा गिगाहर्ट्झ उजाडायला जानेवारी २०२३ लागला. मी मेहुण्याला मुद्दाम फोन केला.

"ते राहू द्या भाऊजी, कोअर किती?"

"चोवीस."

"पुढच्या वर्षी बत्तीस. लिहून ठेवा. सध्या घेऊ नका."

पुढच्या वर्षी त्याच मालिकेतला वरचा प्रोसेसर आला, त्यातही कोअर चोवीसच होते.