हिशेब न जमलेल्या बायका

मुंबईसारख्या हिशेबी शहरात काही बायकांना साधा जमाखर्च कधीच जमला नाही, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. यात पहिला मान डायना एडलजींचा.

जन्म १९५६चा. रेल्वे कॉलनीत टेनिसच्या चेंडूने खेळत वाढलेली ही पारशी मुलगी बास्केटबॉल आणि टेबल टेनिसही उत्तम खेळायची. शहाणी असती तर तिथेच थांबली असती. ती सीझनच्या चेंडूकडे वळली आणि पुढचे चार दात घालवून बसली. एवढ्यावरही तिला अक्कल आली नाही, म्हणूनच भारताला २० कसोटींत ६३ बळी घेणारी डावखुरी फिरकी गोलंदाज मिळाली.

तेव्हाचा व्यवहार तर बघा. १९७३ साली महिला क्रिकेटची संघटना उभी राहिली, पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, संघ आले तीन. पुढची कित्येक वर्षं या मुली रिझर्व्हेशनशिवाय रेल्वेने फिरल्या, मिळेल तिथे जमिनीवर झोपल्या, एकमेकींच्या बॅटी वापरून खेळल्या. मानधनाचं नाव नाही. कोणत्याही समंजस घरात असल्या उद्योगाला परवानगी मिळू नये. या वेड्या घरांनी ती दिली.

हे खूळ इंग्लंडातही होतं. रेचल हेहो फ्लिंट या त्यांच्या कर्णधार बाईंनी पैसेवाला गाठला आणि १९७३ मध्येच विश्वचषक भरवला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. त्याच देशात १९८६च्या दौऱ्यावर एडलजींना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये शिरू दिलं नाही, कारण त्या बाई होत्या. लॉर्ड्सच्या मालक क्लबाने, म्हणजे एमसीसीने, बायकांना सभासद करून घ्यायला १९९८ उजाडलं, तेही हेहो फ्लिंट वर्षानुवर्षं हटून बसल्या म्हणून. शहाण्या बाईने दुसरा क्लब शोधला असता.

हे खूळ आता आमच्या ट्रॉम्बेतही आहे. इथे लोकलचं स्टेशन नाही. इथल्या मुलीला आझाद मैदानावर सरावाला जायचं तर बेस्टने मानखुर्द गाठायचं आणि हार्बरच्या लेडीज डब्यात किटबॅग दोन पायांत उभी धरून, एका हाताने कडी पकडून सीएसएमटीपर्यंत जायचं. वर ‘केवढी जागा अडवलीस गं’ हे ऐकून घ्यायचं. ती तरी जाते. मला तिचा फार अभिमान वाटतो.

२ नोव्हेंबर २०२५ला खाडीपलीकडे नेरूळच्या मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्या किटबॅगवाल्या मुलीच्या आईला विचारलंच, “पण काय गं, यातून नोकरी लागते का?”

लागते, काकू. रेल्वेचा महिला संघ १९८४ पासून आहे. खेळणाऱ्या मुलींना तिथे नोकऱ्या मिळाव्यात म्हणून झटणाऱ्यांत एडलजीच होत्या.