द्राक्षवेलीच्या रंगीत पानांचे छायाचित्रण व संस्करण : कोयनानगर परिसरातील उमेदवारांसाठी

द्राक्षवेलीची पाने पिवळी-तांबडी होणे हे थंड देशांत ऋतूचेच काम असते. फ्रान्समधील बोर्दो किंवा बर्गंडी प्रांतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवस आखडले आणि रात्री गारठल्या की वेल पानांतील हरितद्रव्य मोडीत काढते, त्याखाली दडलेली कॅरोटिनॉइड ही पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात, आणि काळ्या द्राक्षांच्या वाणांत अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य नव्याने तयार होते. मोबाइलच्या पडद्यावर हा सोहळा पाहून मोहित झालेल्या कोयनानगरातील उमेदवारापुढे मात्र दोन किरकोळ अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की कोयनानगरात द्राक्षबाग नाही, आणि दुसरी अशी की जिथे द्राक्षबागा आहेत तिथे असा ऋतू नाही.

पहिली अडचण पावसाची आहे. कोयनानगरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एवढ्या पाण्यात द्राक्षाचा घड टिकवण्याची कल्पना कोणत्याही बागायतदाराने आजवर गांभीर्याने घेतलेली नाही. परिसराला स्वतःची लाल पाने नाहीत असे नव्हे. हेळवाक-नवजाच्या रानात माघ-फाल्गुनाच्या सुमारास कोसिंबाला फुटणारी पालवी तांब्याच्या भांड्यासारखी झळकते. परंतु ही पाने जन्मतःच लाल असून पुढे हिरवी होतात, म्हणजे सारा क्रमच उलटा, आणि त्यामुळे त्यांच्याखाली जीवनाच्या क्षणभंगुरतेविषयी चार ओळी लिहिण्याची सोय राहत नाही. उमेदवाराने म्हणून पाण्याच्या मागोमाग पूर्वेकडे निघावे हे उत्तम. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातील बरेचसे पाणी वीज निर्माण करून पश्चिमेला वाशिष्ठीकडे जाते. उरलेले कोयनेतून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, आणि पुढे टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेच्या अवर्षणप्रवण तालुक्यांकडे नेतात. सांगली जिल्ह्यातील तासगाव-कवठेमहांकाळच्या ज्या वेलींचे चित्र काढायचे, त्यांच्या मुळाशी उमेदवाराच्या गावचे थोडेफार पाणी असतेच; प्रवास मात्र त्याला एसटीने करावा लागतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सांगली जिल्ह्यातील वेल थंडीने झोपत नाही. तिला वर्षातून दोनदा कात्रीने जागे करतात. एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी फळासाठी असते. गोडी छाटणीपूर्वी बागायतदार पाणी तोडून वेलीला ताण देतो व अनेकदा इथेफॉनची फवारणी करतो. या रसायनापासून वेलीत इथिलीन वायू सुटतो, तो देठाला पान सोडण्याचा निरोप देतो, आणि दहा-पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून गळू लागतात. या जिल्ह्यात पानगळ ही अशा रीतीने बाटलीतून येते, कृषी सेवा केंद्रात पावतीसह मिळते, आणि तिची तारीख पंचांगात न सापडता बागमालक, छाटणीची टोळी व गेल्या हंगामातील बाजारभाव यांच्या वाटाघाटीतून ठरते. छायाचित्रकाराने त्यामुळे हवामानाच्या अंदाजाऐवजी टोळीच्या मुकादमाचा नंबर जवळ ठेवावा. एक लाभही नोंदवणे न्याय्य ठरेल: आगाप, मध्यम आणि उशिराच्या छाटण्यांमुळे तासगाव तालुक्यातील सावळजच्या एकाच रस्त्यावर डावीकडे पिवळी बाग, उजवीकडे उघडा सांगाडा आणि पुढच्या वळणावर नुकती फुटलेली पोपटी पालवी अशी दृश्ये एका सकाळीत मिळतात, ज्यासाठी बर्गंडीच्या माणसाला सहा महिने थांबावे लागते.

इथेफॉनने येणारा रंग केवळ पिवळा असतो, कारण येथील बहुसंख्य बागा थॉमसन सीडलेस व त्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशा पांढऱ्या वाणांच्या आहेत, आणि पांढऱ्या वाणाच्या पानाला अँथोसायनिनचे कसब अवगत नसते. विविधतेची हौस असलेल्याला रोगांकडेच वळावे लागते, आणि येथे जिल्ह्याची रंगपेटी खरोखर समृद्ध आहे. पानाच्या वरच्या बाजूस फिकट पिवळे, तेलकट डाग दिसल्यास तो दावण्या. तेच पान उलटल्यास दमट सकाळी डागाच्या नेमक्या पाठीमागे कापसासारखी पांढरी बुरशी आढळते. पावसाळा सरताना जुन्या पानांच्या खालच्या अंगाला नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा असून ती भुकटी बोटाला लागते व कॅमेऱ्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर फार काळ टिकते. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडलेले जुने पान मॅग्नेशियमची कमतरता सांगते, कडा भाजल्यासारखी तपकिरी झालेले पान बहुधा पालाशाची, आणि पानभर पसरलेला कांस्यवर्ण व सूक्ष्म जाळी ही लाल कोळ्याची कृपा असते. बोर्दो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद व चुन्याच्या फवारणीचे, निळसर थेंब पानावर वाळलेले असतील तर तो रंगदोष समजून पुसू नये; संपूर्ण चौकटीत फ्रान्सशी खरा संबंध असलेली तेवढीच एक गोष्ट असते.

यावरून एक शिष्टाचार निघतो. बागेत शिरल्यावर "काय सुंदर रंग आलाय!" हे वाक्य मालकाच्या कानांवर पडेल असे उच्चारू नये. एकरी काही लाखांचा खर्च करून बसलेल्या माणसाला हा उद्गार कौतुकाचा वाटण्याची शक्यता कमी असते. "कशामुळं झालं ओ?" असे विचारल्यास मात्र चहा मिळतो, व बहुधा पाऊण तासाची माहितीही.

प्रत्यक्ष छायाचित्र टिपण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सूर्य पानाच्या मागे ठेवावा, म्हणजे शिरांचे जाळे उजळते. पानावरची चकाकी मारण्यासाठी पोलरायझर, अर्थात एका दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारी काच, वापरावी. आणि मांडव पद्धतीच्या बागेत पानांतून गाळून आलेला प्रकाश सर्वांनाच हिरवट करतो, माणसांच्या चेहऱ्यांसह, हे ध्यानात घेऊन श्वेतसंतुलन हाताने ठरवावे.

संस्करण, ज्याला व्यवहारात एडिटिंग म्हणतात, हे या विद्येचे खरे अंग होय. रंगछटा, संपृक्तता व उजळपणा वेगवेगळे हाकणाऱ्या एचएसएल पट्टीत हिरव्याचा खटका पिवळ्याकडे आणि पिवळ्याचा नारिंगीकडे सरकवला की सावळजचे बोर्दो होण्यास अर्धे मिनिट पुरते. नवशिके येथेच पकडले जातात, कारण खटका पान पाहून चालत नाही. बांधावरचा कडुनिंब, शेजारच्या शेतातला ऊस आणि मालकाची हिरवी टोपी ही सर्वच त्याबरोबर शरदात प्रवेश करतात. निवड केवळ पानांपुरती मर्यादित करावी, ठिबकची काळी नळी खोडून टाकावी, आणि पानांमागे हिरवे घड लोंबत असतील तर चित्रच बाजूला ठेवावे. कच्च्या मण्यांवर पिकली पानगळ दाखवणारे चित्र सर्वत्र वाखाणले जाईल, तासगाव तालुका वगळून.

या तालुक्यात पानांच्या छायाचित्रणाची एक निराळी, अधिक प्रगल्भ शाखा फार पूर्वीपासून नांदते आहे, याची दखल घेतल्याविना विवेचन अपुरे राहील. बागायतदार पहाटे पान तोडतो, तळहातावर ठेवतो, वरून एक व उलटून एक असे दोन फोटो काढतो आणि सल्लागाराला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. रचना नाही, सोनेरी प्रकाश नाही, कोपऱ्यात अंगठा असतो. त्यावरून औषध, मात्रा आणि फवारणीची वेळ ठरते, व क्वचित संपूर्ण हंगाम वाचतो. या शाखेत संस्करण पूर्णतः निषिद्ध आहे, आणि उमेदवाराने बागमालकाला मदत म्हणून आपल्या चांगल्या कॅमेऱ्यातून फोटो काढून देण्याची तयारी दाखवली, तर दोन्ही प्रकारची चित्रे वेगळ्या फोल्डरांत ठेवण्याची दक्षता त्याने घ्यावी. खटका सरकवलेले नारिंगी पान चुकून सल्लागाराकडे गेल्यास तो तांबेऱ्याचे औषध लिहून देईल, टोळी ते दुसऱ्या दिवशी मारून मोकळी होईल, आणि त्याचे बिल कोणी भरायचे या प्रश्नावर छायाचित्रणाच्या कोणत्याही ग्रंथात मार्गदर्शन आढळत नाही.