घोड्यावरचा दाता

दान करायचं तर आधी घोडा हवा, असं एका फ्लेमिश चित्रावरून वाटतं. ब्रसेल्सजवळच्या झाव्हेंतेम गावच्या चर्चमध्ये अँथनी व्हॅन डाइकनं ऐन तारुण्यात रंगवलेला संत मार्टिन आहे. अंगात चिलखत, टोपीला पीस, आणि घोड्यावर बसल्या बसल्या तो आपला लाल झगा तलवारीनं उभा कापतोय. अर्धा झगा खाली बसलेल्या उघड्या भिकाऱ्याला. भिकाऱ्याची आपल्याकडे पाठ. ती पाठ चित्रकारानं अशी भरदार काढलीय की गडी उपाशी असेल यावर विश्वास बसू नये. तोंड दिसतं ते दात्याचं. घेणाऱ्याच्या तोंडाशी कुणाला काय करायचंय!

हेच चित्र आमच्या पेणकडे काढायचं म्हटलं तर पहिली अडचण त्या झग्याचीच. आमच्याकडे आषाढात कुडकुडणाऱ्याला हवं इरलं. आणि ते मधोमध कापलं तर दाता नि याचक दोघेही भिजणार. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडवायला सांगावी, तर घोड्याचे बारीक पाय बघून कारागीर आधी वाहतुकीचं विचारील.

त्याहून मोठी अडचण म्हणजे आमचे संत घोड्यावर बसत नाहीत. विनोबा जन्मले १८९५ साली, पेण तालुक्यातल्या गागोद्यात. १९५१ साली पोचमपल्लीच्या दलितांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, तिथल्याच रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली, आणि पुढं तेरा-एक वर्षं विनोबा गावोगाव पायी मागत फिरले. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, माझी वाटणी द्या, असं मागणं. बांधावरून सख्खे भाऊ तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, अशा मुलखातून गेलेल्या माणसानं सहावा भाऊ व्हायला निघावं, याला छातीच लागते. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन जाहीर झाली. त्यातली बरीच खडकाळ, बरीच तंट्यातली. मार्टिननं झगा मधोमध तरी कापला. आमच्या दात्यांनी कडेकडेचं काढून दिलं.

विनोबांनंतर चारच महिन्यांनी चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचं बालपण रोह्यातलं. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटांवर त्यांची सही आली. इकडे विनोबांनी पुढं पवनारला कांचनमुक्तीचे, म्हणजे पैशाशिवाय जगण्याचे, प्रयोग केले. म्हणजे पेणनं पैसा सोडायचा नि रोह्यानं त्यावर सही करायची. मॅगसेसे पुरस्कारवाल्यांना दोन्ही पटलं: विनोबांना १९५८ साली, चिंतामणरावांना १९५९ साली.

तिसरे पांडुरंगशास्त्री आठवले. जन्म रोह्याचा, १९२० चा; मॅगसेसे १९९६ चा. त्यांच्या स्वाध्याय परिवारातल्या 'मत्स्यगंधा' होड्यांवर कोळ्यांनी आळीपाळीनं जायचं, मासळीचं उत्पन्न देवाचं मानायचं, आणि त्यातून नडलेल्याला गुपचूप प्रसाद पोचवायचा. दिलं कुणी, कळत नाही. घेतलं कुणी, त्याची वाच्यता नाही. व्हॅन डाइकनं इथं कुंचला धुऊन ठेवला असता. नुसती होडी रंगवली तर लोक म्हणणार, छान निसर्गचित्र आहे!

म्हणून माझं मत गागोद्याच्या अंगणाला. तिथल्या फणसाची आठवण विनोबांनी सांगितली आहे. फणस उतरला की आई आधी गऱ्यांचे द्रोण भरायची, ते विन्यानं शेजारी घरोघर पोचवायचे, आणि मग घरच्यांच्या तोंडात गरा पडायचा. घोडा नको, तलवार नको. विळीला तेल लावलं की भागलं. शेजारीण दारातच उभी, त्यामुळं घेणारीचं तोंडही आयतं समोर येतं. दात्याच्या तोंडाला पाणी सुटलंय हे मात्र नीट दिसलं पाहिजे. आणि रंग कालवण्याआधी फणस कापा होता की बरका, याची कुणीतरी चौकशी करावी. बरका असेल तर पोराचे कोपर रंगवायलाच दोन दिवस जातील.