फुकट ते पौष्टिक

३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री मी बँकेत होतो. वायटूकेच्या भीतीनं आम्हा चौघांना शाखेत बसवलं होतं. बारा वाजले, एक जानेवारी उजाडला, संगणकात २००० साल नीट उमटलं आणि काहीही झालं नाही. त्या ‘काहीही न होण्याचं’ श्रेय मी गेली २५ वर्षं स्वतःकडे घेत आलो आहे. संगणकातलं मला कळतं, हा माझा समज त्या रात्रीपासूनचा. पुढे घडलेल्याला एका अर्थी तोच जबाबदार आहे.

गेल्या जुलैत माझ्या संगणकावर एक निळी सूचना आली. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो आहे, विंडोज ११ घ्या, फुकट आहे. मी डोंबिवलीचा निवृत्त बँकवाला. ‘फुकट’ हा शब्द दिसला की पुढचं वाक्य मी वाचत नाही.

आधी मशीन लायक आहे का ते तपासायचं होतं. तपासणारं ॲप म्हणालं, नाही. टीपीएम २.० नाही. टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरमध्येच वसलेली सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय. बाणेरच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीतला आहे, म्हणजे बसतो. टीपीएम बायोसमध्ये बंद असेल. पण मशीन चाललंय ना नीट? मग कशाला हात लावताय? अजून एक—”

“एक काय ते नंतर सांग,” म्हणून मी फोन ठेवला. हे वाक्य लक्षात ठेवा. हिनं ठेवलंय.

संगणक सुरू होताना डिलीटची कळ ठोकत राहायची, पडद्यावर बायोस येतो, त्यात टीपीएमसाठीचा ‘पीटीटी’ नावाचा पर्याय शोधून चालू करायचा. चौथ्या प्रयत्नात जमलं. ॲपनं हिरवी खूण दाखवली. मी हिला ओट्यापासून बोलावून ती खूण दाखवली. ही म्हणाली, “बरं. आता पोळ्या करू?”

पण अपग्रेड काही पुढे सरकेना. शेवटी खाली दुकान असलेल्या संगणकवाल्या मुलाला बोलावलं. त्यानं दोन क्लिकमध्ये निदान केलं. “काका, तुमची विंडोज ३२ बिटची आहे. ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. वरच्यावर नाही चढणार, फॉरमॅट मारून नवी टाकावी लागेल.” मग जरा थांबून म्हणाला, “ती ३२ बिटवाली मीच टाकली होती, २०१८ मध्ये. तुमचं मराठीचं जुनं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर चालावा म्हणून. मुद्दाम.”

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, “मार फॉरमॅट.”

माझं लिखाण त्यानं आधी पेनड्राइव्हवर काढून घेतलं. २२ वर्षांचं समग्र वाङ्मय. चहा निवायच्या आत उतरून झालं. मजुरी ८०० रुपये. हिनं कालनिर्णयच्या जुलैच्या पानावर, दुधाचे खाडे लिहायच्या चौकोनात नोंद केली : ‘फुकट – ८००’.

नवी विंडोज सुंदर होती. फार म्हणजे फारच सावकाश होती. ४ जीबी रॅम ही तिची किमान अट आणि माझ्याकडे नेमकी तेवढीच. किमान अट म्हणजे किती, हे मला माझ्या पेन्शनवरून तरी कळायला हवं होतं. मशीन सुरू करून मी आंघोळीला जायचो आणि परत यायचो तेव्हा ते ‘स्वागत’ म्हणत असायचं. रॅम २,२०० आणि एसएसडी ३,१००. हिचा पेन चालू राहिला.

मग प्रिंटर. २००७ चा लेझर, मुलीच्या बारावीच्या वेळी घेतलेला, ३०० रुपयांत टोनर भरून मिळायचा आणि कधी कुरकुर नाही. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा. ६४ बिटची विंडोज ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला एक वेळ घरात घेते, ड्रायव्हरला मात्र उंबऱ्यातूनच परत पाठवते. दोन दिवस मी खटपट केली. कुठल्या तरी साइटवरून भलताच ड्रायव्हर उतरवला, तर प्रिंटरनं एकामागून एक ४० पानं काढली आणि प्रत्येक पानावर एकच ओळ, तीही अगम्य. नवा प्रिंटर १४,५००. जुना बाल्कनीत आहे. त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवायची नाही, असं मी हिला बजावलं. कोथिंबिरीची आहे.

इथवर सोसलं असतं. पण दिवाळी अंकाला कथा द्यायची होती, ३१ जुलैपर्यंत. ‘पंगत’ नावाची कथा तयारच होती. मी फाइल उघडली आणि पडद्यावर पौंडाची चिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, उलटे प्रश्नार्थक आणि मधूनच एखादा स्वल्पविराम. माझ्या कथा कळत नाहीत असं काही जण पूर्वीही म्हणत, पण ते निदान देवनागरीत कळत नसत.

त्याचं कारण असं. आपण पूर्वी ज्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करायचो, त्यातलं मराठी खरं मराठी नव्हतंच. फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक संख्या. फॉन्ट फक्त त्या संख्येच्या जागी ‘क’चं, काना-वेलांटीचं चित्र रंगवायचा. फॉन्ट गेला की रंग उतरला, खालचं रोमन अंग उघडं पडलं. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’च असतो, आणि देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. पण तेव्हा आम्ही बँकेत लोकांची पासबुकं भरत होतो.

फॉन्ट त्या जुन्या सॉफ्टवेअरबरोबर यायचे. त्याची सीडी शोधली. गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली होती. ती घातली तर विंडोज म्हणाली, हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही. खालच्या मुलानं उकलून सांगितलं, “काका, सॉफ्टवेअर ३२ बिटचं आहे, पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा. ६४ बिटवर १६ बिटचं काहीच चालत नाही.” म्हणजे नवरा मुलगा आत यायला तयार, पण त्याला आणणारा घोडाच दारात मेलेला. शिवाय त्या सॉफ्टवेअरला यूएसबीत खोचायचं कुलूप होतं, डोंगल. त्याचाही ड्रायव्हर त्याच वंशाचा.

“युनिकोडमध्ये टाइप करा ना,” मुलगा म्हणाला. “विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड असतोच. फुकट.”

मी दचकलो. शिवाय माझी बोटं टाइपरायटरवरची. विंडोजच्या त्या कीबोर्डच्या, म्हणजे इनस्क्रिप्टच्या, कळा वेगळ्या. दोन ओळी टाइप करायला मला पाऊण तास लागला, आणि त्यातली एक ओळ ‘श्री’ होती.

तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिचा उल्लेख घरात अजून ‘ती’ असाच होतो. जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही ना? मग जुनं मशीन घ्यावं! दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोड पायी पालथा घातला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात ३२ बिटची विंडोज ७ असलेला वापरलेला लॅपटॉप मिळाला. ६,००० रुपये. बॅटरी मेलेली, वायर लावूनच चालवायचा. विकणाऱ्यानं मला दोनदा विचारलं, “अंकल, पक्का यही चाहिए?” त्याच्या डोळ्यांत मी काळजी पाहिली.

गाडीत बसल्यावर हिशोब लागला. १४ ऑक्टोबर २०२५ ला पाठिंबा संपणार म्हणून मी घाबरलो होतो. आणि आता मांडीवर जे घेऊन बसलो होतो, त्याचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० लाच संपलेला होता. मुंब्रा गेलं तरी मी खिडकीबाहेरच पाहत होतो.

घरी आल्यावर सीडी चालली, डोंगलचा दिवा लागला, ‘पंगत’ लख्ख मराठीत उघडली. आता संपादकांना युनिकोड हवं होतं, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमध्ये घातला. भाच्याला कौतुकानं फोन केला. तो बराच वेळ गप्प होता.

“मामा, कन्व्हर्टरला फॉन्ट लागतच नाही. तो आतले कोड वाचतो. ती टोप्यांची अक्षरं तशीच चिकटवली असती तरी चाललं असतं. लॅपटॉप कशाला?”

मी म्हटलं, “असू दे. आणि त्या दिवशी काय सांगत होतास?”

“अजून एक वर्ष मिळतंय, एवढंच. खात्यातून लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार होते. फुकट.”

कन्व्हर्टरचं काम काही निर्दोष नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये उलट. त्यामुळे ‘सर्व’चं ‘सवर्’ झालं, ‘वर्ष’चं ‘वषर्’, आणि ‘किती’तली पहिली वेलांटी नुसतीच हवेत, गोल ठिपक्यावर लटकलेली. रात्री दोनपर्यंत चष्मा पुसत मी एकेक वेलांटी आपापल्या घरी पोचवली आणि ३१ तारखेला कथा मेल केली.

आठवड्यानं संपादकांचा फोन. “कथा घेतोय. आणि ती आचार्यांची कल्पना! वा! लग्नघरात आचार्य घाम पुसत भजी तळताहेत, यजमान आचार्यांना ओरडतोय की जिलबी कच्ची आहे, आचार्यांचा पंचा कढईत पडतो. आजच्या विद्वत्तेवर काय उपरोध साधलाय!”

मी पाठवलेली फाइल उघडली. कथेत आचारी होता. ‘आचाऱ्यांनी भजी तळायला घेतली.’ पण ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये लिहायला त्या ‘र’खाली नुक्ता लागतो, आणि माझ्या कन्व्हर्टरला त्याचा पत्ता नव्हता. वेलांट्या हुडकताना माझ्याही नजरेतून तो निसटला. सबंध कथेत, २३ ठिकाणी, आचाऱ्यांचे आचार्य झाले होते.

“काय आहे,” मी खाकरून म्हणालो, “ते आपलं सहज सुचलं.”

ऑक्टोबरात अंक आला, त्यात एक हजाराचा धनादेश. हिनं कालनिर्णयचं जुलैचं पान पुन्हा काढलं. लॅमिंग्टन रोडचं जाणं-येणं आणि वडापाव १४० धरून बेरीज २६,७४० होती. तिच्याखाली, ‘दूध अर्धा लिटर जास्त’च्या शेजारी उरलेल्या जागेत तिनं बारीक अक्षरात लिहिलं : ‘आचार्यांकडून जमा – १,०००’.