शून्य दलालीचे तुलनाशास्त्र

दलालीच्या दरांची तुलना हा शेअर बाजारातील सक्रिय व्यापाऱ्याचा, म्हणजे शेअर घेऊन वर्षानुवर्षे सांभाळण्याऐवजी सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळेत त्यांची पुन्हा पुन्हा खरेदी-विक्री करणाऱ्या मनुष्याचा, आवडता अभ्यासविषय असून, हा अभ्यास बहुधा पहिला मोठा तोटा झाल्यानंतरच सुरू होतो, हे त्याचे प्रमुख लक्षण मानावे लागते. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावाला पूर्वी या शास्त्राची गरज नव्हती, कारण शेअरचा दलाल मुंबईत राहत असे आणि साखऱ्याचा माणूस मुंबईला गेलाच तर अन्य कामासाठी जाई. आता मात्र दलाल मोबाइलमध्येच मुक्कामाला आल्यामुळे पारावर बसूनही कोणाचा दर किती यावर वाद घालता येतो, आणि घातला जातो.

या परिसराला हिशेबाचे वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. सोयाबीन, तूर आणि हळद पिकवणारा शेतकरी हिंगोलीच्या मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, माल नेतो तेव्हा हमाली किती, तोलाई किती, कडता, म्हणजे पोते, ओल आणि मातेरे यांच्या नावाने वजनातून केली जाणारी कपात, किती, हे सारे तो हिशेबाच्या पट्टीवर बोट ठेवून वाचतो आणि पाच रुपये जास्त लागले तर आवाज चढवतो. अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे २०१६ साली शासनाने ठरवले तेव्हा व्यापाऱ्यांनी राज्यभर बाजार बंद ठेवले होते, यावरून मध्यस्थाचे दाम हा महाराष्ट्रात किती जिव्हाळ्याचा प्रश्न आहे ते कळते. शेअर बाजारातील पट्टीला कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणतात. दिवसभराचा प्रत्येक सौदा आणि त्यावरील प्रत्येक कपात नोंदवणारा हा कागद ब्रोकरने चोवीस तासांच्या आत पाठवणे बंधनकारक आहे आणि तो ईमेलने नियमितपणे येतोही. परंतु ज्या घरात मोंढ्यावरची पट्टी तीन पिढ्या मिळून वाचतात, त्याच घरातील पदवीधर चिरंजीव ही नोट उघडत नाहीत, आणि विचारले असता तिला पासवर्ड लागतो असे सांगतात, जो पासवर्ड बहुधा त्यांचाच पॅन क्रमांक असतो.

दलालीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबईत वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संस्था स्थापन केली, ती आजच्या मुंबई शेअर बाजाराची पूर्वज होय. त्यानंतर बराच काळ दलाली सौद्याच्या रकमेवर शेकड्याने घेण्याची रीत राहिली आणि बँकांशी संलग्न असलेल्या काही ब्रोकरांकडे ती अजूनही आहे. अमेरिकेत ठरावीक दलालीची सक्ती १ मे १९७५ रोजी संपली आणि स्वस्त ब्रोकरांचे युग सुरू झाले. (परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तोही १ मेलाच, १९९९ साली, या दोन घटनांचा परस्परसंबंध अद्याप कोणी सिद्ध केलेला नाही.) भारतात २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झिरोधा या ब्रोकर कंपनीने सौदा लाखाचा असो वा कोटीचा, दलाली जास्तीत जास्त वीस रुपये, हे तत्त्व रुजवले आणि डिसेंबर २०१५ पासून डिलिव्हरीवरील, म्हणजे शेअर खात्यात जमा करून घेण्याच्या व्यवहारावरील, दलाली शून्य केली.

हे शून्य नीट तपासण्यासारखे आहे. दहा हजार रुपयांचे शेअर घेऊन काही दिवसांनी ते त्याच भावाला विकले आणि दलाली एक पैसाही द्यावी लागली नाही असे धरले, तरी रोखे व्यवहार कर, ज्याला सारे जण एसटीटी म्हणतात आणि जो १ ऑक्टोबर २००४ पासून लागू आहे, तो डिलिव्हरीत दोन्ही बाजूंना ०.१ टक्का म्हणजे एकूण वीस रुपये घेऊन जातो. खरेदीवरील मुद्रांक शुल्क दीड रुपया नेते. शेअर बाजाराचे व्यवहार शुल्क, सेबी या नियामकाचे शुल्क आणि या दोन्हींवरचा अठरा टक्के जीएसटी मिळून एका रुपयाच्या आत राहतात. आणि विक्रीच्या दिवशी शेअर डीमॅट खात्यातून बाहेर काढण्याचे डीपी शुल्क साधारण पंधरा रुपये लागते, मग त्या कंपनीचा एक शेअर विकलेला असो वा हजार. बेरीज साडेसदतीस रुपयांच्या आसपास जाते. शून्याला एवढी किंमत आर्यभटाच्या काळातही आली नसावी. यातील एसटीटी, मुद्रांक शुल्क आणि बाजाराचे शुल्क सर्व ब्रोकरांकडे सारखेच असते, त्यामुळे डिलिव्हरीपुरती तरी तुलनाकाराची सारी विद्वत्ता दलाली आणि डीपी शुल्क या दोनच रकान्यांत मावते.

इंट्राडेत, म्हणजे घेतलेले त्याच दिवशी विकून मोकळे होण्याच्या प्रकारात, मामला अधिक रंगतदार आहे. येथे बहुतेक ब्रोकर ‘जास्तीत जास्त वीस रुपये’ असे ठळक अक्षरांत लिहितात, पण वीस रुपयांच्या खाली काय चालते ते बारीक अक्षरांत असते. झिरोधाच्या दरपत्रकात ०.०३ टक्का किंवा वीस रुपये यांपैकी जे कमी ते, असा नियम आहे, तर इतर काहींकडे तोच नियम ०.१ टक्क्याने चालतो. पहिल्या प्रकारात सौदा सदुसष्ट हजारांच्या आसपास जाईपर्यंत वीस रुपये पूर्ण होत नाहीत, दुसऱ्यात ते वीस हजारांवरच पूर्ण होतात, आणि साखऱ्यातील नवशिक्याचा सौदा नेमका त्याच्याही खाली, दहा हजारांच्या घरात असतो. दहा हजारांची एक फेरी, म्हणजे एक खरेदी आणि एक विक्री, पहिल्या ब्रोकरकडे सर्व करांसह सुमारे १०.६० रुपयांना पडते, दुसऱ्याकडे सुमारे २७ रुपयांना. रोज अशा दहा फेऱ्या मारल्या, उलाढाल तेवढीच ठेवली आणि बाजाराशी हारजीत बरोबरीत सोडवली, तर दहा हजारांचे भांडवल दुसऱ्या ब्रोकरकडे सुमारे ३७ दिवसांत संपते आणि पहिल्याकडे तब्बल ९४ दिवस टिकते. तुलनाशास्त्राचा व्यावहारिक लाभ तो हाच.

दहा फेऱ्यांऐवजी एकच फेरी मारली तर हेच भांडवल कोणत्याही ब्रोकरकडे दसपट दिवस पुरेल, ही शक्यता या शास्त्राच्या अभ्यासकांनी विचारात घेतल्याचे आढळत नाही. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या आर्थिक वर्षात रोख बाजारातील इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले होते. म्हणजे ज्यांनी दर सर्वाधिक बारकाईने तपासावेत, तेच सर्वाधिक बुडत होते.

वायदे आणि ऑप्शन यांचा हिशेब याहून दाहक आहे. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने ठरलेल्या मुदतीत खरेदी वा विक्री करण्याचा हक्क, जो प्रीमियम नावाची रक्कम मोजून घेतला जातो. तीन हजारांचा प्रीमियम मोजून तो हक्क घेतला आणि विकला तर प्रत्येकी वीस याप्रमाणे दोन ऑर्डरींचे चाळीस रुपये आणि त्यावरील जीएसटी मिळून ४७.२० रुपये केवळ दलालीपोटी जातात, म्हणजे इतर कर सुरू होण्यापूर्वीच दीड टक्का खर्च झालेला असतो. सप्टेंबर २०२४ मधील सेबीच्या अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला, व्यवहारखर्चापोटी त्यांनी सुमारे ५० हजार कोटी रुपये मोजले, आणि त्यांतील ७२ टक्के लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. या ‘बाहेर’मध्ये साखराही येते.

यातील खरी गंमत अशी की सोयाबीनचे पीक ज्याला बियाण्यापासून ठाऊक आहे, पाऊस लांबला तर भाव कुठे जाईल याचा अंदाज ज्याला बाजाराआधी येतो, त्याला सोयाबीनच्या वायद्यात वर्षानुवर्षे उतरता आले नाही, कारण सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले आणि त्या स्थगितीला पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. निफ्टी या शेअर निर्देशांकात मोडणाऱ्या पन्नास कंपन्यांपैकी एकीचाही कारखाना ज्याने पाहिलेला नाही, अशा त्याच गृहस्थाला निफ्टीचे ऑप्शन मात्र बांधावर उभे राहून घेता येतात.

अशा जिज्ञासूला मार्गदर्शकांची वाण नसते. सर्वांत स्वस्त ब्रोकर कोणता हे तळमळीने समजावून सांगणाऱ्या चित्रफितीच्या खाली खाते उघडण्याची लिंक असते, त्या लिंकमधून खाते उघडल्यास मार्गदर्शकाला मोबदला मिळतो, आणि काही योजनांत पुढे त्या खात्यातून जमणाऱ्या दलालीतही त्याचा वाटा राहतो. शिष्य जितका अस्वस्थ तितका गुरू संपन्न, ही व्यवस्था प्राचीन गुरुकुलांना सुचली नव्हती.

दरपत्रकांच्या तुलनेत सहसा न येणारा एक रकाना शेवटी उरतो आणि तो खेड्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. इंट्राडेचा सौदा व्यापाऱ्याने स्वतः वेळेत मिटवला नाही तर ब्रोकर तो आपोआप मिटवतो आणि त्याबद्दल अनेक ठिकाणी पन्नास रुपये अधिक जीएसटी घेतो. फोन करून ब्रोकरच्या माणसाकरवी ऑर्डर टाकली तरी असाच आकार लागतो. दुपारी तीनच्या सुमारास वीज गेली, मोबाइलच्या मनोऱ्याने मान टाकली आणि सौदा उघडा राहिला, तर वीस रुपयांचा ब्रोकर की पंधरा रुपयांचा यावर तीन आठवडे केलेल्या संशोधनावर एकोणसाठ रुपये चढतात. ते वीज कंपनीच्या बिलात दिसत नाहीत. कॉन्ट्रॅक्ट नोटेत वा खात्याच्या उताऱ्यात दिसतात, पण ते पाहण्यासाठी आधी पॅन क्रमांक आठवावा लागतो.