पान लंबगोल, टोक निमुळते

झाडे ओळखायची खिशातली पुस्तके लिहिणारे लोक भर आषाढात गोव्यातल्या डिचोलीचे डोंगर चढत नसावेत. त्यांच्या पुस्तकात झाड कायम फुललेले असते आणि फांदी बरोबर नाकासमोर आलेली असते. आमच्या वाट्याला येते हरवळ्याच्या धबधब्यावरची निसरडी वाट, चष्म्यावर पाणी आणि फुलोरा असलाच तर तो साठेक फूट वर, धुक्यात.

मग उरते पान. त्याचे वर्णन ठरलेले: लंबगोल, कडा अखंड, टोक निमुळते. ‘उंची मध्यम, रंग सावळा’ एवढ्यावर पोलीस माणूस शोधायला निघाले, तर अर्धी डिचोली चौकीत बसेल. रविवारच्या आमच्या चमूत यावरून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो किंदळ, दुसरा म्हणतो माट्टी. माट्टी म्हणजे घाटावरचा ऐन. निकाल लावायचा तर पुस्तकाचे एक ऐकावे: पान उलटे करावे. ऐनाच्या पानामागे, देठाच्या जवळ, मधल्या शिरेवर दोन बारीक गाठी असतात. भिंग लावून त्या सापडल्या की माणसाला जो आनंद होतो, तो बायकोला सांगता येत नाही. सांगून पाहिले आहे.

ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र आम्ही झोपेतही ओळखतो. खाणीतून उपसलेल्या मातीचे जे डोंगर डिचोलीत उभे राहिले, त्यांवर हिरवळ दिसावी म्हणून हीच लावली. मैलभर चाला, पुस्तकाचे पान उलटायची गरज नाही. पण तिथेही गोम आहेच. तिचे जे पान आपण कौतुकाने मोजतो, ते पान नव्हेच. तो चपटा झालेला देठ. खरी पाने रोपटेपणीच येऊन गेलेली असतात.

आणि झाड कशाला म्हणायचे, हा वाद तरी पुस्तकातच राहावा ना? आमच्याकडे तो विधानसभेत गेला. 2016 साली वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन माड झाडांतून बाद झाला. शास्त्र सरकारच्या बाजूने होते म्हणा: माडाला फांद्या नाहीत, खरी साल नाही, नाते गवताकडचे. पण ज्याच्या रसाशिवाय इथे हुमण शिजत नाही, त्याला गवत म्हणता? गदारोळ झाला आणि 2017 मध्ये माड पुन्हा झाड झाला. नुसता झाड नव्हे, राज्यवृक्ष! वर्षभरात एवढी बढती सरकारी नोकरीत कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

पेडण्याच्या बाजूला, चांदेलच्या वाटेवर, आम्ही एका बुंध्याभोवती पुस्तक उघडून उभे होतो. गुरे घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. “कितें सोदतात?” आम्ही झाडाकडे बोट दाखवले. त्यांनी पानाकडे पाहिलेच नाही. म्हणाले, “कुमयो न्हय तो?” आणि सालीचे दोर कसे काढतात, त्या दोरांनी गणपतीवरची माटोळी कशी बांधतात, हे सांगून गुरांमागे गेले. पुस्तकात कुमयो म्हणजे कुंभा, कॅरिया आर्बोरिया. विल्यम कॅरीच्या नावाचे झाड. ज्याने 1805 साली बंगालात बसून मराठीचे व्याकरण छापले, तोच हा कॅरी. आजोबांच्या गुरांनी झाडाला वळसा घातला, आम्ही शाळेत व्याकरणाला घालत असू.

खरे तर आमच्या पुस्तकाला बाजारच मानवतो. चतुर्थीच्या तोंडावर डिचोलीत माटोळीचा बाजार भरतो आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायला अख्खे रान खाली उतरून रस्त्याकडेला बसते: माट्टीची पाच पंखांची हिरवी फळे, कांगण्यांचे घोस, नागकुडे, कवंडळे, आंबाडे, शिवाय पांढऱ्या पानांची शेरवडे. निसरडे नाही, धुके नाही, फळ थेट हातात. गेल्या चतुर्थीला मी तिथेच उकिडवा बसून पुस्तक काढले, माट्टीचे फळ चित्राशेजारी धरले आणि पंख मोजू लागलो. चार झाले होते तेवढ्यात विकणारी बाई म्हणाली, “पुस्तक मागीर वाचात, पयलीं वांटो घेयात.”